हुशार लेकराचं पोट का दुखतं?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नागपुरातल्या आमच्या वस्तीतली एक आई रविवारी विहारात आली. वंदना झाली, बाकीच्या बाया उठल्या, पण ही दाराशीच घुटमळत राहिली. "पोरीचं पोट दुखून राह्यलं जी," म्हणाली. "रोज सकाळी. शाळेच्या टायमाले. रविवारी नाही दुखत."

पोरगी तिसरीत. दवाखाना तीनदा झालेला. आधी जंताची गोळी, मग ॲसिडिटीचं सिरप, शेवटी खासगीत सोनोग्राफी. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचे अर्ध्या महिन्याचे पैसे त्यात गेले आणि कागदावर सगळं नॉर्मल निघालं. शेजारणीने नजर उतरवायचा सल्ला दिला होता. बाई बावीस प्रतिज्ञा घेतलेली, तिने ते केलं नाही. पण मनातली शंका काही जात नव्हती. सोबत तिने शाळेची डायरी आणली होती. तीत लाल पेनाने लिहिलेलं : वर्गात लक्ष देत नाही, शेजारच्या मुलांना त्रास देते, पालकांनी भेटावे.

पोरीला आम्ही वर्गात बसवून घेतलं. त्या दिवशी मोठ्या मुलांना एक कोडं घातलं होतं. विहारात दहा जण जमले आणि प्रत्येकाने प्रत्येकाला एकदा जयभीम केला, तर एकूण जयभीम किती? सातवी-आठवीची मुलं दहा गुणिले दहा करून शंभर म्हणत होती. ही मागे बसून फ्रॉकचा काठ चावत होती. थोड्या वेळाने हात वर करून म्हणाली, "स्वतःलेच तर कोणी जयभीम नाही करत ना?" मग म्हणाली, "नव्वद." आणि आम्ही शाबास म्हणायच्या आत तिचाच प्रश्न आला : "पण दोघंजण एकदम म्हणले तर एक धरायचा का दोन? एक धरला तर पंचेचाळीस होतील."

ही पोरगी शाळेत रोज पाच तास काय करते, ते नंतर कळलं. बाई फळ्यावर दहा बेरजा लिहितात. हिच्या चार-पाच मिनिटांत होतात. उरलेला अर्धा तास हाताची घडी, तोंडावर बोट. बोट काढलं की ओरडा. शेजारच्याला उत्तर सांगितलं की डायरीत शेरा. असं जूनपासून रोज. मोठ्या माणसाला कोणी रोज पाच तास भिंतीकडे बघत बसवलं, तर त्याचंही काहीतरी दुखेलच. लेकराला 'मला कंटाळा येतो, माझा अपमान होतो' हे शब्द सापडत नाहीत, मग पोट बोलतं. ते ढोंग नसतं. ताणाने आतड्यावर परिणाम होतो आणि पोट खरोखर दुखतं. म्हणून सोनोग्राफीत काही निघालं नाही म्हणजे पोरगी खोटं बोलते, असं समजून तिला धपाटा घालू नका.

हे पान आरोग्याचं आहे आणि मी शाळेचं सांगत बसले, असं कोणाला वाटेल. पण माझ्या मते हा आरोग्याचाच विषय आहे. आपल्या वस्तीत मागे पडणाऱ्या मुलाची काळजी निदान कोणी तरी करतं. पुढे धावणाऱ्या मुलाची कोणी करत नाही. त्याला काय धाड भरली आहे, हुशार तर आहे, असं म्हणून सोडून देतात. आणि हुशार आहे, हेही सगळ्यांनाच दिसतं असं नाही. मोठ्या सोसायटीतलं मूल सारखं प्रश्न विचारतं तेव्हा ते जिज्ञासू ठरतं. आपल्या वस्तीतलं विचारतं तेव्हा ते आगाऊ ठरतं. तिथलं मूल वर्गात चुळबुळ करतं तर आईबाप त्याला समुपदेशकाकडे नेतात, इथलं करतं तर त्याला शेवटच्या बाकावर नेतात.

हे नुसतं मनातलं गाऱ्हाणं नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. २००६ साली तो प्रसिद्ध झाला. मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले, जितके सुटतील तितके पैसे. जात कोणी उच्चारली नाही तेव्हा दलित मुलं आणि वरच्या जातीची मुलं यांच्या कामात फरक पडला नाही. मग सगळ्यांसमोर प्रत्येकाचं नाव आणि जात मोठ्याने वाचली. दलित मुलांनी सोडवलेल्या भूलभुलैयांची संख्या एकदम घसरली. मुलं तीच, डोकं तेच, कागद तोच. बदललं काय, तर समोरचा आपल्याला काय समजतो याची मुलाला आलेली जाणीव. आता वर्गात 'स्कॉलरशिपवाले उभे राहा' असं पुकारलं जातं, तेव्हा काय होत असेल, ते मनात आणून बघा.

मग काय करायचं? आधी शरीराची तपासणी, ती टाळू नका. कंटाळा हेच कारण आहे असं मी सांगते म्हणून आंधळेपणाने धरून चालू नका. डोळे तपासा, कान तपासा, हिमोग्लोबिन बघा. फळा दिसत नाही म्हणूनही मूल चुळबुळ करतं, रक्त कमी असलं तरी लक्ष लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, ते येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पोटदुखी रात्री झोपेतून उठवत असेल, वजन घटत असेल, ताप किंवा उलट्या असतील, तर ती शाळेची पोटदुखी नव्हे, सरळ डॉक्टरकडे जा. रविवारी आणि सुटीत दुखतं का, एवढं दोन आठवडे कॅलेंडरवर खूण करून ठेवा. डॉक्टरलाही त्याचा उपयोग होतो.

दुसरी अडचण अशी की, कंटाळलेलं मूल आणि लक्ष एकाग्र न होण्याचा आजार असलेलं मूल वरून सारखंच दिसतं. काही मुलांत दोन्ही असतं. काही मुलं बोलायला इतकी तरबेज की मोठी माणसं गप्प व्हावीत, पण लिहायला बसली की अक्षरं उलटी, काना-मात्रा गळालेल्या. अशा मुलाला आपण आळशी म्हणतो. त्याची बुद्धी त्याचं अध्ययन-अक्षमतेचं दुखणं झाकते आणि ते दुखणं त्याची बुद्धी झाकतं. याचा निवाडा मी करू शकत नाही, शाळेच्या बाईही नाही आणि मोबाईलवरचा व्हिडिओ तर मुळीच नाही. नागपुरात मेडिकलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. मुंबईत शीव रुग्णालयात अध्ययन-अक्षमतेची तपासणी होते. तिथे जाणं म्हणजे वेडाचा शिक्का नव्हे. जंताच्या गोळीला आपण लाजत नाही, मग याला का लाजावं?

आणि एक कळकळीची विनंती. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी सांगणाऱ्या 'डीएमआयटी'वाल्यांना, डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या 'मिडब्रेन'वाल्यांना एक पैसा देऊ नका. याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. पोपट चिठ्ठी काढायचा, त्याच्या जागी आता लॅपटॉप आला, इतकाच फरक. बुद्ध्यांकाची खरी चाचणीही डोळे उघडे ठेवूनच घ्यावी. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये ही चाचणी बनवली ती कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल हे शोधायला, हुशारीचे बिल्ले वाटायला नव्हे. पुढे अमेरिकेत लुईस टर्मन यांनी अशाच चाचणीवरून बुद्धिमान मुलांची मोठी यादी केली. त्या यादीत न बसलेल्या दोन मुलांना, विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ यांना, पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. यादीतल्या एकालाही ते मिळालं नाही.

लांब कशाला जायचं. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या हिशेबात अडतीस टक्केसुद्धा नाहीत. आज एखादं मूल एवढे गुण घेऊन घरी आलं तर आपण त्याचं काय करू, ते प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावं. क्रमिक पुस्तकांत त्यांचं मन रमत नसे, बाहेरच्या पुस्तकांची भूक मोठी होती. सुभेदार रामजींना मुलाचा हा नाद सगळाच पसंत होता असंही नाही. तरी पुस्तकासाठी पैसे नसले की ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा दागिना आणून गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळा संसार. मुलाला संध्याकाळी लवकर झोपवायचं, रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवायचं आणि मग स्वतः आडवं व्हायचं, असा त्यांचा नेम होता.

ही गोष्ट आपण सगळे सांगतो, पण चुकीची शिकवण घेतो. पोराला दोनला उठवलं की तो बाबासाहेब होतो, असं काहींना वाटतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, तेरा ते अठराच्या मुलाला आठ ते दहा तास. झोप तोडली तर डोकं चालत नाही, चिडचिड वाढते. रामजींनी आधी मुलाला लवकर झोपवलं होतं, हे आपण विसरतो. त्यांनी केलं काय? खोली वाढवता येत नव्हती, म्हणून त्यांनी वेळ वाटून घेतली. आपल्या घरात टीव्ही, भांडी, पाहुणे, शेजारचा डीजे हे सगळं एकाच दहा बाय दहात असतं. तिथे मुलाला एक तास शांतता कधी देता येईल, हे बघणं म्हणजे रामजींचं अनुकरण. आमच्या एका घरात संध्याकाळी सहा ते सात टीव्ही बंद असतो आणि आजोबा कट्ट्यावर जाऊन बसतात. आजोबांना ते मुळीच आवडत नाही, पण जातात.

त्या काळात आणखी एक माणूस भेटला होता. कृष्णराव अर्जुन केळुस्कर, विल्सन हायस्कूलचे शिक्षक. भीमरावाच्या शाळेचे नव्हेत, आपल्या समाजाचेही नव्हेत. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज वाचत बसतो, हे त्यांनी पाहिलं, विचारपूस केली, पुस्तकं सांगितली, दिली. मॅट्रिकच्या सत्काराला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं. पुढे सयाजीराव महाराजांकडे शिष्यवृत्तीसाठी शब्द टाकला. केळुस्करांनी त्यांना शिकवणी लावली नव्हती. एक मोठा माणूस नियमाने बोलत होता आणि पुढचं पुस्तक देत होता, एवढंच. माझ्या मते हुशार मुलाला सगळ्यांत जास्त गरज आहे ती याचीच : त्याच्या भुकेच्या मापाचं काम आणि ऐकून घेणारा एक मोठा माणूस. शाळा देत नसेल तर घराने आणि विहाराने द्यावं. त्याला फार पैसा लागत नाही.

आई शिकलेली नसली तरी चालतं. त्या पोरीच्या आईला आम्ही एकच वाक्य दिलं : "तुले कसं कळलं?" पोरीने काहीही सांगितलं की हेच विचारायचं. उत्तर बरोबर की चूक, हे आईला माहीत असायची गरज नाही. सांगता सांगता पोरगी स्वतःच अडते, स्वतःच दुरुस्त करते. गणिताला पुस्तक नसेल तर विजेचं बिल आहे. पहिल्या शंभर युनिटचा दर वेगळा, पुढचा वेगळा. मग ११० युनिट झाले तर सगळ्यालाच जास्त दर लागतो की फक्त दहाला? या एका प्रश्नावर तिसरीची पोरगी दोन दिवस बसली होती. बचत गटाची वही आहे, रेशनच्या धान्याचं माप आहे, ऑटोचं मीटर आहे. बालभारतीची पुस्तकं मोबाईलवर फुकट मिळतात, पुढच्या वर्गाचं उतरवून द्या. 'किशोर' मासिक १९७१पासून निघतं, त्याचे जुने अंकही वाचायला मिळतात. एखाद्या रविवारी रमण विज्ञान केंद्रात घेऊन जा, आणि तिथे मुलाला घाई करू नका. एकाच यंत्रापाशी तो तासभर उभा राहिला तर राहू द्या, तिकीट वसूल झालं. मुंबईतल्या मानखुर्द-गोवंडीच्या वाचकांसाठी सांगते, विज्ञान ऑलिम्पियाडचं देशाचं काम जिथून चालतं ते होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तुमच्या मानखुर्दमध्येच आहे.

शाळेशी बोलायलाच हवं, पण भांडायला जाऊ नका. पन्नास मुलांचा वर्ग, त्यात निवडणुकीची कामं, खिचडीचा हिशेब, ऑनलाईन माहिती. बाई वाईट नसतात, दमलेल्या असतात. 'माझी मुलगी फार हुशार आहे' असं म्हटलं की समोरच्याच्या कपाळाला आठी पडते. त्याऐवजी काम मागा. "हिचं लवकर होतं, तर पुढच्या पानावरचं करू द्याल का? नाहीतर घरून आणलेलं पुस्तक वाचू द्याल का?" एवढं बहुतेक बाई कबूल करतात. या आईने तसं विचारलं तेव्हा बाईंनी तिला वर्गातल्या कच्च्या मुलांना शिकवायला बसवलं. थोडं ठीक आहे, शिकवण्याने आपलंही पक्कं होतं. पण रोज तेच झालं तर पोरगी बिनपगारी शिक्षिका होते आणि तिची भूक तशीच राहते, म्हणून आईला पुन्हा जावं लागलं. मारहाण किंवा मानसिक छळ झाला तर मात्र नरमाई नको. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने दोन्हींना बंदी आहे. त्याच कायद्याने अनुदानित आणि सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असतात. आपल्या किती बाया त्या समितीत आहेत? मी आमच्या वस्तीत विचारलं तर दोघींना आपण समितीत आहोत हेच माहीत नव्हतं. सही तेवढी घेऊन गेले होते.

शाळा बदलणं हा पहिला उपाय धरू नका. गल्लीतल्या इंग्रजी शाळेत टाय आणि बूट मिळतात, पण घोकायला लावण्यात ती महापालिकेच्या शाळेपेक्षा वेगळी असेलच असं नाही. आणि एक गोष्ट पालकांना कोणी सांगत नाही. आठवीला 'एनएमएमएस' परीक्षा असते. ती पास झाली तर नववी ते बारावी दरवर्षी बारा हजार रुपये मिळतात, कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. ही परीक्षा फक्त सरकारी, स्थानिक संस्थेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातलं की ती वाट बंद. शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला होती, मग पाचवी-आठवीला गेली. तुमच्या मुलाला ती कोणत्या वर्गात आहे, हे जूनमध्येच शाळेत विचारा. पाचवीत नवोदय विद्यालयाची परीक्षा असते, मराठीतून देता येते. तिथे राहणं-खाणं सगळं मोफत, सहावीपासून. तीन-चतुर्थांश जागा ग्रामीण भागाच्या असल्या तरी शहरातल्या मुलांना बंदी नाही, अनुसूचित जातीच्या जागाही राखीव असतात. त्यासाठी जातीचा दाखला वेळेत काढून ठेवा. दाखल्यावर 'बौद्ध' लिहिलं म्हणजे सवलत जाते, ही भीती १९९०च्या कायद्यानंतर उरलेली नाही. पण कागद हातात नसला की फॉर्मच्या शेवटच्या दिवशी रडायची वेळ येते. समाजकल्याण विभागाच्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींच्या निवासी शाळाही आहेत. त्यांतल्या काही चांगल्या आहेत, काहींत जाऊन स्वतः बघितल्याशिवाय लेकरू ठेवू नये.

आता जे बोलायचं आहे, ते आपल्याच माणसांना थोडं लागेल. मूल हुशार आहे हे एकदा कळलं की आपण त्याला दुसऱ्या टोकाला नेतो. १४ एप्रिलला निळा कोट घालून स्टेजवर उभं करतो. पाठ केलेलं भाषण, टाळ्या, हार. येणारा-जाणारा म्हणतो, "तुला बाबासाहेब व्हायचं आहे, कलेक्टर व्हायचं आहे, समाजाचं नाव काढायचं आहे." आठ वर्षांच्या लेकराच्या खांद्यावर आपण अख्ख्या समाजाचं स्वप्न ठेवतो आणि वर म्हणतो की खेळतोस काय, अभ्यास कर. अशी मुलं मी पाहिली आहेत. पहिला नंबर गेला की जेवत नाहीत. एक शब्द खोडावा लागला तर पान फाडतात. अवघड गणिताला हात लावत नाहीत, कारण ते चुकलं तर आपण हुशार नाही हे सगळ्यांना कळेल. मुली तर सहावी-सातवीत आल्या की हुशारी लपवायला शिकतात. मैत्रिणी तुटतात, घरात भावापेक्षा जास्त मार्क पडलेले चालत नाहीत. बाबासाहेबांबद्दलचा आपला आदर खरा आहे, पण त्यांचं नाव लेकराला भीती घालायला वापरू नये. हुशार आहेस म्हणण्याऐवजी काल जमलं नव्हतं, आज कसं जमवलंस ते सांग, असं म्हणावं. आणि चुकायला मोकळीक द्यावी. बुद्धांनी कालामांना कोणाच्याही सांगण्यावरून काही मानू नका म्हटलं, तेही वाट्टेल ते प्रश्न विचारायची मोकळीकच होती. आपण वंदनेत प्रज्ञा, शील, करुणा म्हणतो. प्रज्ञेवर हार घालायचे आणि करुणा त्या लेकराच्याच वाट्याला येऊ नये, हे बरं दिसत नाही.

आणि हुशारी हे चिलखत नव्हे. रोहित वेमुला हुशार होता. डॉ. पायल तडवी हुशार होती. आपल्या मुलांना वरच्या पायरीवर पाठवताना त्यांना हे आधीच सांगितलेलं असावं की तिथे अपमान झाला तर तो तुझा कमीपणा नाही, आणि सांगायला घर आहे. हे सांगायची सुरुवात अठराव्या वर्षी होत नाही. तिसरीतली पोरगी डायरीतला लाल शेरा घेऊन घरी येते, त्या दिवशी आपण तिच्या बाजूने ऐकलं की नाही, तिथे ती सुरू होते. एखादं मूल गप्प गप्प राहू लागलं, आवडतं कामही सोडू लागलं, मरणाच्या गोष्टी करू लागलं, तर थांबू नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहेच.

विहारांनी काय करावं, यावर माझं मत सरळ आहे. मोठ्या मूर्तीसाठी वर्गणी होते, तशी एक कपाट पुस्तकं, दोन बुद्धिबळाचे पट आणि एक दिवा यासाठीही व्हावी. वस्तीत इंजिनिअरिंगला, बीएस्सीला, नर्सिंगला गेलेली दोन-चार मुलं असतातच. आठवड्यातून दोन तास त्यांनी बसावं. शिकवणी घ्यायला नव्हे, शिकवणीचे वर्ग पुष्कळ आहेत. बोलायला, कोडी घालायला, पुढचं पुस्तक द्यायला. आमच्याकडे नर्सिंगची एक मुलगी बसते. तिला गणित फार येत नाही. ती मुलांना तसं सांगते आणि मग मुलंच तिला शिकवतात.

त्या पोरीचं पोट दिवाळीनंतर फारसं दुखलं नाही. पूर्ण गेलं असं म्हणणार नाही, तोंडी परीक्षेच्या आठवड्यात परत दुखलं. बाईंनी तिला कोपऱ्यातल्या पेटीतली गोष्टींची पुस्तकं वाचायची परवानगी दिली आहे, ती सगळी वाचून झाली आणि आता नवी कुठून आणायची हा प्रश्न आहे. जूनमध्ये ती चौथीत जाईल. नवोदयच्या परीक्षेला अजून वेळ आहे, पण आईने आत्ताच विचारलं की तिथे पोरींना घरी यायला किती दिवसांनी मिळतं. पोरगी जायला तयार आहे. आईचा जीव होत नाही. बाप म्हणतो, पाचवीपर्यंत थांबून बघू. या रविवारी तिघंही विहारात येणार आहेत.